खिचडी हक्काची, मग शिकणं का नाही?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की सहा वर्षांच्या आतलं मूल कोणाची जबाबदारी, घराची की सरकारची, तर पत्रं आली, मेल आले आणि व्हॉट्सॲपवर तर पाच पाच मिनिटांचे ऑडिओ आले, एका ताईंच्या ऑडिओत मागे कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत आणि त्या मधेच "थांब रे बाळा, बोलतेय ना" असं म्हणतायत. सगळे ऐकले मी. जागा कमी आहे म्हणून पाचच प्रश्न घेतेय पण त्यात बाकीच्यांचंही बरंचसं येऊन जाईल. मी ३१ वर्षं मुख्य सेविका, म्हणजे अंगणवाडी सेविकांच्या कामावर देखरेख ठेवणारी, म्हणून अंगणवाड्या फिरले, आता रिटायर झालेय, त्यामुळे जे सांगतेय त्यातलं काही कायद्यातलं आहे आणि काही डोळ्यांनी बघितलेलं.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, गावातल्या अंगणवाडीत जातो. तिथे खिचडी मिळते, उसळ मिळते, ते चांगलंच आहे पण शिकवत काही नाहीत. सेविकाताईंना विचारलं तर म्हणाल्या अगं वरून सगळे आहाराचंच विचारतात, शिकवायचं कोण विचारतंय. सासूबाई म्हणतात फुकट मिळतंय त्यात अजून काय पाहिजे. मला एवढंच सांगा की लहान मुलांना शिकवणं ही सरकारची जबाबदारी आहे की उपकार?
— एक आई, सांगोला तालुका

ताई, जबाबदारीच आहे, उपकार अजिबात नाही. पण तुमच्या सेविकाताई बोलल्या ते पण खरं आहे, आणि ते खरं का आहे हे जरा नीट सांगते कारण गोम तिथेच आहे.

अंगणवाडी म्हणजे एकात्मिक बाल विकास सेवा योजना, २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. त्यात सहा सेवा ठरवल्या, पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढे दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. म्हणजे शिकवणं पहिल्या दिवसापासून त्यात आहे, कोणी मागाहून चिकटवलेलं नाही. पण २०१३ ला अन्न सुरक्षा कायदा आला आणि त्यात सरळ लिहिलं गेलं की सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळालाच पाहिजे. किती मिळाला पाहिजे तेही तेव्हा लिहिलं, ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, आणि मूल कुपोषित असेल तर ८०० कॅलरी. नाही दिला तर भत्त्याची तरतूद आहे, तक्रारीसाठी जिल्ह्याला अधिकारी आहे, त्याच्यावर राज्य अन्न आयोग आहे. त्यामुळे खिचडी चुकली की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

आता शिकण्याचं बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकारने काय करायचं याचं त्यात एकच कलम आहे, अकरावं, आणि त्याचा अर्थ असा की सरकार या मुलांच्या मोफत शाळापूर्व शिक्षणाची व्यवस्था 'करू शकेल'. 'करील' असं नाही म्हटलेलं. एका क्रियापदाचा फरक आहे पण त्या फरकात तुमच्या मुलाची तीन वर्षं जातात, कारण 'करू शकेल' म्हटल्यावर नाही केलं तरी कोर्टात कोणाला खेचता येत नाही.

आणि मला जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू का, हे आधी असं नव्हतं. आपली घटना लागू झाली तेव्हा ४५ व्या कलमात १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत सक्तीचं शिक्षण असं म्हटलं होतं, दहा वर्षांच्या आत. १४ ही वरची मर्यादा होती, खालची मर्यादा लिहिलीच नव्हती. १९९३ ला सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन केसमध्ये १४ वर्षांपर्यंतचं शिक्षण मूलभूत हक्क धरलं तेव्हाही खालून कोणाला वगळलं नव्हतं. मग २००२ ला ८६ वी घटनादुरुस्ती झाली, नवीन २१-अ कलमात ६ ते १४ ला मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या खालच्यांसाठी ४५ वं कलम बदलून फक्त सरकार 'प्रयत्न करील' एवढंच ठेवलं. म्हणजे जी दुरुस्ती आपण सगळ्यांनी आनंदाने साजरी केली त्यातच सगळ्यात लहान पोरं बाहेर राहिली. २०१५ ला कायद्यांबद्दल सरकारला सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने आपल्या २५९ व्या अहवालात सांगितलं की सहाच्या आतल्या मुलांसाठी घटनेत वेगळं २४-अ कलम घाला आणि कलम ११ बंधनकारक करा. अजून झालेलं नाही.

म्हणून तुमच्या सेविकाताईंवर रागावू नका. मी स्वतः इतकी वर्षं व्हिजिटला गेले की आधी साठा रजिस्टर उघडायचे, तांदूळ किती, मूगडाळ किती, मग वजनाचा काटा, मग उपस्थिती, आणि तेवढ्यात पुढच्या गावची गाडी निघायची वेळ व्हायची. मला वरून तेच विचारायचे म्हणून मी खाली तेच विचारायचे. चार वर्षांच्या पोराला गोष्ट सांगता येते का, तो रंग ओळखतो का, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं न हिसकावता मागतो का, हे मी फार उशिरा विचारायला लागले.

विचारायला लागले ते एका अंगणवाडीमुळे, पत्र्याची एक खोली, पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली ठेवलेली असायची. तिथल्या सेविकेने एका टोपल्यात चिंचोके, सीताफळाच्या बिया आणि मक्याचे दाणे एकत्र करून ठेवले होते आणि चार पोरं ते वेगळे करत बसली होती. एक मुलगी, साडेतीन वर्षांची असेल, सारखी एक फुटका चिंचोका उचलायची आणि थांबायची, कारण त्याची आतली बाजू पांढरी होती, तिला कळेना हा चिंचोक्यात टाकायचा का मक्यात. सेविका गप्प बसली, सांगितलं नाही. शेवटी त्या मुलीने तो वेगळा तिसऱ्याच जागी ठेवला आणि म्हणाली "हा फुटका". बाई, तेच शिक्षण, पुढे जाऊन गणित विज्ञान सगळं त्यातूनच येतं. वहीत अ आ इ गिरवून घेणं म्हणजेच शिकवणं असं काही नाही, हे पण लक्षात ठेवा, नाहीतर आपण दबाव आणायचो आणि बिचाऱ्या सेविका तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबायच्या.

आणि हे आपल्याच मातीतलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, तिथली आदिवासी पोरं बालवाडीत येईनात तर यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून नाव अंगणवाडी. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. आज देशभर जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत, आपल्या राज्यात १ लाख १० हजारांच्या आसपास, नाव कोसबाडचं घेतलं पण तिथला शिकवण्याचा भाग आपण मागे ठेवून आलो असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्ही काय करायचं ते. २०२३ पासून केंद्राचा 'पोषण भी पढाई भी' कार्यक्रम आहे, त्यात रोज किमान दोन तास शाळापूर्व शिक्षण द्यायचं असं ठरलंय, आणि तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' नावाचा अभ्यासक्रम दिलाय. तुम्ही चार आया मिळून जा, भांडायला नाही, सेविकाताईंना म्हणा आम्हाला या आठवड्याचं नियोजन दाखवा आणि आमच्यातली एक जण रोज तासभर येऊन बसेल, पोरं सांभाळेल, म्हणजे तुम्हाला शिकवायला हात मोकळे. आणि ग्रामसभेत विषय घ्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते कुठे गेले विचारा, त्यातून ठोकळे, चित्रांची पुस्तकं, सतरंजी घेता येते. सासूबाईंना सांगा की फुकट काही नाही, काडेपेटी घेतली तरी आपण टॅक्स भरतो.

प्रश्न : मॅडम मी सेविका आहे, १८ वर्षं झाली. आता म्हणतात बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, शिकवा. त्याच्यात पोषण ट्रॅकर ॲपवर फोटो, चेहरा मॅच होत नाही, रेंज नाही, गरोदर मातांच्या भेटी, सर्वे वेगळेच. आणि शाळेचे सर म्हणतात पाच वर्षांची मुलं आम्ही शाळेत घेणार. मग आमचा पट कमी झाला तर आमची अंगणवाडी बंद करणार का? ही मुलं नक्की कोणाची?
— सेविका, पालघर जिल्हा

तुमचं पत्र वाचून मला एकदम माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्याकडे असलेल्या अंगणवाड्यांतल्या, सगळ्या बायका आठवल्या. सरळ सांगते, आजच्या घडीला ही मुलं दोन खात्यांच्या मधे उभी आहेत. अंगणवाडी महिला व बाल विकास विभागाकडे, शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वय हा एकच पायाभूत टप्पा केला, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पाच, हे अगदी बरोबर केलं, कारण पोरगं काही सहाव्या वाढदिवसाला रात्रीत बदलत नाही. २०३० पर्यंत सगळ्या मुलांना शाळापूर्व शिक्षण असं उद्दिष्टही ठेवलं. पण एका टप्प्याला दोन मालक ठेवले, आणि दोन मालक असले की काम कोणाचंच नसतं.

धोरणात चारही प्रकार चालतात असं म्हटलंय, स्वतंत्र अंगणवाडी, शाळेच्या आवारातली अंगणवाडी, शाळेला जोडलेला पूर्वप्राथमिक वर्ग आणि स्वतंत्र बालशाळा. म्हणजे सर मुलं मागतायत ते धोरणाच्या विरुद्ध नाही, पण तुमची अंगणवाडी मोडून मुलं न्या असं धोरणात कुठेही नाही. माझं मत विचाराल तर अंगणवाडी शाळेच्या आवारात आली तर फार उत्तम, पाच वर्षांची मुलं तुमच्याकडेच राहतील, सर येऊन ओळख करून घेतील, आणि पहिलीला जाताना पोरगं रडणार नाही. पण नुसती मुलं उचलून शाळेच्या बाकावर बसवली, आणि तिथे त्या वयाला लागणारा आहार नाही, झोपायला जागा नाही, चड्डी ओली झाली तर बदलणारी मदतनीस नाही, तर ते मुलाच्या भल्याचं नाही, तो पटसंख्येचा हिशोब झाला. हे तुम्ही बैठकीत बोला, घाबरू नका.

शिकवण्याचं तर धोरणातच आहे की बारावी आणि पुढे शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स, कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा डिप्लोमा. ते ट्रेनिंग आधी द्या, मग आम्हाला शिकवायला सांगा, असं म्हणा. तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि एक पुस्तक दिलं की झाली शिक्षिका असं होत नसतं. आणि पैशाचं बोललंच पाहिजे. केंद्राने सेविकेचं मानधन ऑक्टोबर २०१८ ला ४५०० रुपये केलं, मदतनीसचं २२५०, त्याच्यावरचे जे मिळतात ते राज्याचे, आणि ते सुद्धा संप करून करून मिळाले, २०२३ च्या डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत तुम्ही रस्त्यावर होतात ते सगळ्यांनी बघितलंय. नाव अजून मानधनच. शिक्षिकेचं काम पाहिजे, शिक्षिकेची जबाबदारी पाहिजे पण पगार म्हणायचा नाही.

एक गोष्ट मात्र जपून ठेवा. गुजरातच्या सेविकांच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ ला निकाल दिला की सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी कायदा लागू आहे. त्यात न्यायालयाने असंही धरलं की अन्न सुरक्षा कायदा आणि शिक्षण हक्काचं ते अकरावं कलम यातलं सरकारचं काम तुमच्या हातून होतं, म्हणजे तुम्ही करता ते समाजसेवा म्हणून नाही, कायद्याने ठरवलेलं काम आहे. तुमच्या संघटनेला विचारा, त्यांच्याकडे निकालाची प्रत असेलच.

प्रश्न : माझा मुलगा आन सून दर साली ऊसतोडीला कोयत्यावर जातात. मोठा नातू शाळेत आहे तो माझ्याकडं राहतो. नात चार वर्षाची, तिला संगं नेतात कारण म्हातारीचे गुडघे गेले, तिच्यानं सांभाळ होत नाही. तिकडं फडात नातीला काय शिकाया मिळंल? सरकार काही करतं का?
— एक आजोबा, केज तालुका

आजोबा, तुमचं दोन ओळींचं पत्र मी कितीतरी वेळा वाचलं.

आहे ते आधी सांगते. मोठ्या नातवासाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय असते, ती शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी. नातीच्या वयाला ती नाही. म्हणजे जिला जास्त जपायची गरज तीच पहाटे तीनला उठून आईच्या मागे थंडीत जाते, फडाच्या बांधावर चिंध्यांच्या गोधडीवर झोपते, आणि दिवसभर उसाच्या मोळ्या, गाड्या, बैल, कोयते यांच्यात. दिवाळीनंतर गेली की उन्हाळ्यातच परत. चार वर्षाच्या पोरीच्या आयुष्यातले पाच-सहा महिने म्हणजे किती ते बघा, आणि परत आली की अंगणवाडीतल्या पोरी नवीन गाणी म्हणतायत आणि ही नुसती बघत उभी.

पण तिचा हक्क गावाला बांधलेला नाही. जिथे कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या, पडतील तिथल्या जवळच्या अंगणवाडीने तिला आहार आणि बाकी सेवा द्यायच्या आहेत, पोषण ट्रॅकरमध्ये एका अंगणवाडीतून दुसरीकडे मूल पाठवायची सोय आहे, आणि आपल्या राज्याने स्थलांतरित बायका-मुलांची नोंद ठेवायला वेगळी प्रणालीही केलीय. म्हणून निघायच्या आधी सूनबाईला तुमच्या सेविकेकडे पाठवा, नातीची नोंद 'स्थलांतर' म्हणून करायला लावा, लसीकरणाचं कार्ड आणि आधारची झेरॉक्स पिशवीत घाला, आणि तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात गावातली अंगणवाडी शोधायला सांगा. मुकादमाला पण सांगून ठेवा की टोळीत सहाच्या आतली किती मुलं आहेत त्याची यादी काढ, एकट्या बाईचं ऐकत नाहीत, यादीचं ऐकतात.

हे कागदावरचं झालं. खरी अडचण तुम्हाला माहितीच आहे, कोप्या गावापासून लांब, अंगणवाडी सकाळी उघडते तेव्हा आई फडात, पोरीला नेणार कोण. त्यासाठी कोप्यांच्या तिथेच दिवसभराचं पाळणाघर पाहिजे, एक बाई सांभाळायला, सावली, पाणी, दोन वेळचं खाणं. पाळणाघराची 'पालना' नावाची केंद्राची योजना आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं. गाळप हंगाम कधी सुरू होणार हे सरकारच ठरवतं, कोणता कारखाना किती ऊस गाळणार याचा आकडा असतो, टोळ्या कुठून येणार तेही सगळ्यांना माहिती असतं, मग पोरं किती येणार आणि त्यांना ठेवायचं कुठे हे पण त्याच बैठकीत ठरायला काय हरकत आहे? मला तर वाटतं गाळप परवान्याच्या अटीतच हे घालावं. उसाच्या टनाचा हिशोब होतो तसा चार वर्षांच्या पोरींचाही व्हावा, आणि तो सरकारने करावा.

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरच्या नर्सरीने तीन वर्षांच्या मुलीसाठी सत्तर हजार फी सांगितली, वर मुलीचा आणि आमचा इंटरव्ह्यू. ती रडली म्हणून 'नॉट रेडी' म्हणाले. यांच्यावर कोणाचा कंट्रोल नाही का?
— एक बाबा, पिंपरी-चिंचवड

दादा, तीन वर्षांची मुलगी अनोळखी माणसासमोर रडली म्हणजे ती अगदी नॉर्मल आहे, ते 'नॉट रेडी' आधी मनातून काढून टाका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी आणि कॅपिटेशन फी (म्हणजे देणगी) दोन्हीला बंदी आहे, पण तो कायदा शाळेसाठी, आणि फ्लॅटमध्ये किंवा बंगल्यात चालणारी स्वतंत्र नर्सरी ही कायद्याच्या व्याख्येत 'शाळा' बसत नाही. पहिलीच्या वर्गाला मान्यता लागते, नर्सरी मात्र वर्षानुवर्षं दुकानासारखी उघडता आली. अलीकडे राज्याने खाजगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलंय, ते चांगलं पाऊल आहे, पण किती मुलांमागे किती बाई, बाईंचं शिक्षण काय, फी किती, हे तपासणारं कोणी असल्याशिवाय नोंदणी म्हणजे नुसती यादी.

ती नर्सरी मोठ्या शाळेचा भाग असेल तर गोष्ट वेगळी, दुर्बल आणि वंचित घटकांसाठीच्या २५ टक्के जागांची तरतूद अशा शाळेत पूर्वप्राथमिकलाही लागू होते असं कायद्यात आहे, प्रवेश पोर्टलवर त्या शाळेचा 'एंट्री लेव्हल', म्हणजे प्रवेशाचा पहिला वर्ग, काय दाखवतायत ते बघा. आणि एकदा तुमच्या भागातल्या अंगणवाडीत जाऊन या. शहरातली चांगली नोकरीवाली मंडळी तिकडे फिरकतच नाहीत म्हणून तिथल्या भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीबद्दल कोणी आवाज करत नाही.

प्रश्न : आमच्या वस्तीवर साधारण ४५ मुलं आहेत सहाच्या आतली. अंगणवाडी गावठाणात, मधे ओढा. पावसाळ्यात कोणी जात नाही. काय करावं?
— वस्तीवरचे पालक, जत तालुका

सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे, अन्नाच्या हक्काच्या केसमधला, की ज्या वस्तीत सहाच्या आतली किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही तिथे लोकांनी मागणी केल्यावर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची. तुमची ४५ आहेत, म्हणजे बसताय.

प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव अशी यादी करा, जन्माचे दाखले असतील त्यांच्या झेरॉक्स जोडा. ओढ्याला पाणी असतानाचा एक फोटो काढून ठेवा. अर्जात या आदेशाची तारीख लिहा, ग्रामसभेचा ठराव जोडा, आणि अर्ज पंचायत समितीत बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या ऑफिसला द्या, एक प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बाल विकासला. अर्जावर जितक्या आया सह्या किंवा अंगठा करतील तितक्या घ्या. आणि देऊन तसेच परत येऊ नका, तुमच्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊनच उठा, कारण तीन महिने मोजायचे ते त्या तारखेपासून.